संग्रहालयातील स्वयंसेवा हिवाळ्याच्या सुट्टीत नव्हे, सुट्टीआधी सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळच्या नाशिकच्या एक विद्यार्थिनी सप्टेंबरपासून इंग्लंडमधील लेस्टर येथे इतिहासाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून त्यांना साधारण चार आठवड्यांची सुट्टी मिळणार आहे. या काळात एखाद्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करावे आणि उरलेल्या दिवसांत ब्रिटन व जमल्यास युरोप पाहावा, असा त्यांचा विचार आहे. विद्यार्थी व्हिसावर हे चालते का, काम मिळवायचे कसे आणि प्रवासाशी त्याची सांगड कशी घालायची, हे त्यांनी विचारले आहे.

मी वस्तूंच्या जतनाचे काम करतो आणि गेली सोळा वर्षे इंग्लंडमधील जुन्या वास्तूंत आणि संग्रहालयांत स्वयंसेवकांना हाताशी धरून काम शिकवीत आलो आहे. त्या अनुभवावरून सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. काम सुट्टीत सुरू करू नका. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. या आठवड्यातच अर्ज करा, सत्र चालू असताना आठवड्याचा एक ठरावीक दिवस संग्रहालयाला द्या आणि सुट्टी लागली की त्याच कामाचे दिवस वाढवा. तुमच्या मनात जो क्रम आहे त्याच्या हे नेमके उलट आहे, याची मला कल्पना आहे. परंतु डिसेंबरात नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाच्या पदरी फारसे काही पडत नाही आणि संग्रहालयाच्याही पडत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याचे कारण साधे आहे. नव्या माणसाला कपाटाजवळ उभे करण्याआधी ओळखीची कागदपत्रे, संदर्भपत्रे, आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटा, वस्तू हाताळण्याचे प्राथमिक प्रशिक्षण एवढे सगळे व्हावे लागते. लहान संग्रहालयात हे सारे पाहणारी व्यक्ती बहुधा एकच असते, तीही अर्धवेळ, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती रजेवर जाते. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्यासारख्या मोठ्या संस्थाही २४ ते २६ डिसेंबर बंद असतात. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात १६ डिसेंबरला एक विद्यार्थी मोठ्या उमेदीने तीन आठवड्यांसाठी आला. त्याला शिकवायला कोणीच नव्हते, म्हणून त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत माहितीपत्रकांच्या घड्या घालायला बसवले. कोठाराची दारे उघडेपर्यंत त्याच्या परतीची तारीख आली होती. चूक त्याची नव्हती, पण त्याची सुट्टी गेली ती गेलीच.

ऑक्टोबरात सुरुवात केली, तर मात्र हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही. ब्रिटनमध्ये शेकडो जुने प्रासाद आणि वाडे संग्रहालये म्हणून चालवले जातात. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडेच त्यांतले पुष्कळ आहेत. यांतल्या अनेक वास्तूंच्या खोल्या हिवाळ्यात काही काळ प्रेक्षकांसाठी बंद ठेवतात आणि वर्षभराची बारीक साफसफाई तेव्हाच होते. आपल्याकडच्या दिवाळीच्या साफसफाईशी तिचे नाते आहे, फरक एवढाच की इथे पाणी, साबण आणि ओले फडके जवळपास वर्ज्य असते. हे काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही आणि त्याची जाहिरातही फारशी होत नाही. तरीही संग्रहालय म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने दर्शनी दालनात उभे राहण्याआधी हे करावे, असे माझे ठाम मत आहे.

एक पुस्तक स्वच्छ करण्याचेच उदाहरण घ्या. आपण सवयीने पुस्तकाच्या कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ते कपाटातून ओढतो. दोनशे वर्षांच्या चामडी बांधणीचे ते टोक असेच तुटते. त्याऐवजी दोन्ही बाजूंची पुस्तके हलकेच आत ढकलायची, मधल्या पुस्तकाचा कणा मध्यावर धरायचा आणि ते सरळ बाहेर घ्यायचे. मग ते घट्ट मिटलेले ठेवून वरच्या कडेवरची धूळ मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या बाजूला झटकायची आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमचे तोंड जवळ धरायचे. त्या तोंडावर जाळीचे कापड बांधलेले असते. एखादा सुटा तुकडा ओढला गेलाच, तर तो जाळीवर अडकावा आणि जपून ठेवता यावा, यासाठी ती योजना असते. मुलामा दिलेल्या चौकटींना पोनीच्या केसांचा मऊ ब्रश, कोरीव लाकडाला डुकराच्या केसांचा थोडा राठ ब्रश, आणि एकाचा ब्रश दुसऱ्याला कधीही वापरायचा नाही. खुर्ची उचलायची ती हातांना किंवा पाठीला धरून नव्हे, तर बैठकीच्या चौकटीला धरून. चिनी मातीची वस्तू सुती हातमोजे घालून उचलू नये, कारण ती निसटते. धातूची वस्तू मात्र उघड्या हाताने धरू नये, कारण घामातल्या क्षारांचे डाग काही आठवड्यांनी उमटतात. आणि कोणतीही वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची जागा मोकळी आहे ना, हे पाहून घ्यायचे. हा शेवटचा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण मी पाहिलेले बहुतेक अपघात तो न पाळल्यामुळे झालेले आहेत.

कामाला येताना बांगड्या, अंगठ्या आणि गळ्यातली लांब साखळी काढून यावे. मंगळसूत्र काढायचे नसेल, तर ते गळाबंद कपड्याच्या आत नीट राहील असे पाहावे. कपडे मात्र भरपूर घालावेत. या वास्तूंमधील उष्णतेची यंत्रणा पुष्कळदा माणसांसाठी नव्हे, वस्तूंसाठी चालते. हवेतील आर्द्रता ठरावीक मर्यादेच्या वर गेली की यंत्रणा सुरू होते आणि खाली आली की बंद होते, त्यामुळे खोली बाहेरच्यापेक्षा थोडीच उबदार असते. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन-चार थर बरे, कारण कोटाच्या बाहीने टेबलावरची वस्तू केव्हा ओढली जाते ते कळत नाही.

माझ्या आवडीचे आणखी एक काम म्हणजे किडींचे सापळे तपासणे. पुठ्ठ्याचे छोटे, आतून चिकट असलेले हे सापळे भिंतीलगत आणि कोपऱ्यांत ठेवलेले असतात. प्रत्येकावर क्रमांक असतो, तो नकाशावर मांडलेला असतो आणि साधारण दर तीन महिन्यांनी भिंगाखाली धरून त्यातल्या किडींची नोंद करायची असते. कपड्यांना लागणारी कसर, म्हणजे एक लहानसा पतंग, सोनेरी रंगाची, जेमतेम पाऊण सेंटिमीटरची, उजेड टाळणारी असते. लोकर, रेशीम, पिसे खाते ती तिची अळी, पतंग नव्हे. कार्पेट बीटल या लहान भुंग्याची अळी केसाळ असते आणि ती कात टाकत जाते. रुपेरी कसर, म्हणजे सिल्व्हरफिश, सापडू लागली तर किडीच्या आधी ओलाव्याचा शोध घ्यायचा. एका वाड्यात एकाच खिडकीपाशी सापळ्यात सारख्या केसाळ कातींचा खच पडू लागला. गालिचा तपासला, पडदे तपासले, काही सापडेना. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने, म्हणजे आमच्या स्वयंसेविकेनेच, तीन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवले की हा आकडा शेजारच्या बंद धुराड्याच्या बाजूने वाढत आला आहे. धुराड्यात पक्ष्यांची जुनी घरटी होती. ती काढल्यावर पुढच्या वर्षी सापळे जवळपास रिकामे निघाले. अशी गोष्ट तीन आठवड्यांच्या पाहुण्याला दिसत नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच खोलीत येणाऱ्याला दिसते.

आता व्हिसाकडे वळतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते आणि विद्यापीठाने जाहीर केलेल्या सुट्टीत पूर्णवेळ. तुमच्या व्हिसावर लिहिलेली मर्यादा स्वतः वाचून घ्या. इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण 'व्हॉलंटरी वर्क' आणि 'व्हॉलंटिअरिंग' हे इंग्रजीतले दोन शब्द सारखेच वाटतात. जिथे ठरलेल्या वेळी येऊन ठरलेले काम करण्याचे करारी बंधन आहे, ते 'व्हॉलंटरी वर्क'; ते बिनपगारी असले तरी काम समजले जाते आणि त्या २० तासांत धरले जाते. जिथे असा करार नाही, तुम्ही पगारी कर्मचाऱ्याची जागा घेत नाही आणि प्रत्यक्ष झालेला प्रवास किंवा जेवणाचा खर्च सोडून काही मिळत नाही, ती स्वयंसेवा, म्हणजे 'व्हॉलंटिअरिंग'. म्हणून संस्थेकडून मिळणाऱ्या पत्रात कोणते शब्द आहेत ते पाहा, ठोक भत्ता घेऊ नका, पावत्या देऊन तेवढाच खर्च घ्या. शंका आली तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला लेखी विचारा. हा सल्ला विनामूल्य असतो आणि कागद हाती राहतो. कुठे अर्धवेळ नोकरी करीत असाल, तर दोन्हींचे तास एकाच वहीत आठवड्यानुसार लिहीत जा.

महाराष्ट्रातून सुट्टीत नातेवाइकांकडे येणारे लोकही मला हे विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्ये. पर्यटक व्हिसावर एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण भेटीचा मुख्य हेतू तो असता कामा नये आणि संस्था धर्मादाय आयोगाकडे नोंदलेली असली पाहिजे. ब्रिटिश म्युझियमसारखी काही राष्ट्रीय संग्रहालये धर्मादाय असूनही अशा नोंदणीपासून मुक्त आहेत. तेव्हा नाव मोठे आहे म्हणून सगळे चालेल असे गृहीत धरू नका, संस्थेला आधी विचारा.

अर्जाचे पत्र लहान असावे. तुम्ही संग्रहालयप्रेमी आहात हे सांगण्याची गरज नाही. अर्ज करणारा प्रत्येक जण तेच लिहितो. कोणत्या वारी येऊ शकाल, कोणत्या महिन्यापर्यंत, सुट्टीतल्या कोणत्या तारखांना इथे असाल आणि कोणत्या तारखांना नसाल, हे पहिल्या चार ओळींत लिहा. मग तुम्हाला येते ते लिहा. तुम्हाला मराठी, हिंदी आणि, मोडी येत असेल तर, मोडी वाचता येते, ही लहान गोष्ट नव्हे. ब्रिटनमधील अनेक संग्रहांत भारतीय वस्तू आहेत, त्यांवर देवनागरी किंवा मोडी अक्षरे आहेत, आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे केवळ 'भारतीय लेख' असे लिहिलेले असते. मुलांच्या कार्यक्रमांत काम करायचे असेल, तर पार्श्वभूमी तपासणी लागते. स्वयंसेवकाला तिचे शुल्क पडत नाही, पण वेळ जातो, आणि नुकत्याच परदेशातून आलेल्या उमेदवाराकडे मायदेशातील पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो. आणि लंडनच्या मोठ्या नावांच्या मागे लागू नका. तुमच्याच शहरात १८४९ मध्ये उघडलेले लेस्टर म्युझियम अँड आर्ट गॅलरी आहे, जर्मन एक्सप्रेशनिस्ट चित्रांचा त्याचा संग्रह प्रसिद्ध आहे. डर्बीशरमध्ये कॅल्क ॲबी आणि भरतकाम व भित्तिपटांसाठी नावाजलेला हार्डविक हॉल आहे. वाड्यांच्या बाबतीत मात्र बसची सोय आधी पाहा. पुष्कळ वास्तू स्थानकापासून लांब असतात आणि हिवाळ्यात संध्याकाळी चारच्या सुमारास अंधार पडतो.

काही महिने मागचे काम केल्यावर प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची संधी येईल. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रेक्षकांना खऱ्या वस्तू हातात घेऊ देणारी टेबले स्वयंसेवकच सांभाळतात, आणि इतरत्रही असे उपक्रम असतात. तिथे खरी कसोटी 'आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही' हे सांगण्याची असते. मराठी माणसाला जवळचे उदाहरण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखांचे आहे, जी जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्यात अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. वाघनखांच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर म्हणतो की शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले ते हेच शस्त्र. आता १६५९ मध्ये प्रतापगडाखाली मारला गेलेला अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे ती पेटी एक दावा सांगते आणि त्या दाव्यातच एक चूक आहे. महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरी करता आलेली नाही, असे संग्रहालय स्वतः सांगते. अशा वस्तूसमोर एखादा प्रेक्षक भरल्या गळ्याने उभा असतो आणि दुसरा उलटतपासणी करीत असतो. दोघांनाही त्याच आदराने, वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, पेटीवर काय लिहिले आहे आणि सिद्ध काय झालेले नाही, एवढे शांतपणे सांगता येणे हे शिकण्यासारखे कौशल्य आहे. भावना दुखावेल म्हणून पुरावा लपवू नये आणि पुरावा अपुरा आहे म्हणून भावनेला हिणवू नये. तुम्ही परत गेल्यावर नाशिकला, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात काम करायचे ठरवलेत, तर हीच गोष्ट सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

प्रवासाविषयी. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही, लंडनची भुयारी रेल्वे आणि बसही बंद असतात. २४ तारखेला संध्याकाळी गाड्या लवकर संपतात आणि २६ तारखेला बहुतेक मार्गांवर नसतातच. रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीची मोठी कामेही याच आठवड्यात काढतात. म्हणून २४ ते २६ हे तीन दिवस एका जागी, शक्यतो ओळखीच्या घरी राहा आणि चौथ्या दिवसाचे जेवण घरात आहे ना, हे पाहा. कोणी मैत्रीण घरी बोलावत असेल, तर अवश्य जा. रिकाम्या वसतिगृहातला तो दिवस पहिल्या वर्षी फार जड जातो. २७ तारखेनंतर यॉर्क, लिव्हरपूल, एडिनबर्ग, ग्लासगो असा उत्तरेकडचा प्रवास करण्यासारखा आहे. यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, एडिनबर्गचे स्कॉटलंडचे राष्ट्रीय संग्रहालय आणि ग्लासगोचे केल्विनग्रोव्ह यांच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारीबरोबर २ जानेवारीलाही सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या वेळा आधी पाहा. डिसेंबरअखेर एडिनबर्गला दिवस जेमतेम सात तासांचा असतो; उजेडात शहर आणि अंधार पडल्यावर संग्रहालय हा क्रम चालत नाही, कारण संग्रहालये पाचच्या सुमारास बंद होतात. एका दिवशी एकच मोठे संग्रहालय ठेवा. रेल्वेचे १६ ते २५ वयोगटाचे सवलतपत्र काढले, तर भाडे एकतृतीयांशाने कमी होते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते सव्विसाव्या वर्षानंतरही मिळू शकते.

युरोपचा विचार असेल, तर भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो, तो ब्रिटनमधूनच काढता येतो, पण नाताळच्या आधीच्या भेटीच्या वेळा लवकर संपतात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळ मिळाली नाही, तर या वर्षी तो बेत सोडून ईस्टरच्या सुट्टीत ठेवा. व्हिसा कार्यालयात अडकलेल्या पारपत्रामुळे सबंध डिसेंबर वाया घालवू नका. एक सापळा अनेकांना ठाऊक नसतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट ब्रिटनच्या राजवटीत असल्याने तिथे तुमचा व्हिसा चालतो, पण तिथून डब्लिनला जाणाऱ्या गाडीत बसलात की तुम्ही दुसऱ्या देशात, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, जाता. त्या सीमेवर बहुधा कोणी अडवत नाही, तरीही ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर भारतीय नागरिकाला आयर्लंडमध्ये जाता येत नाही; त्यासाठी वेगळा व्हिसा हवा. परदेशी जाण्याआधी तुमचा डिजिटल व्हिसा सध्याच्याच पारपत्राशी जोडलेला आहे, हेही तपासून घ्या.

तुमच्या चार आठवड्यांची मांडणी मी अशी करीन. सुट्टीचा पहिला आठवडा, संग्रहालय बंद होईपर्यंत, रोज कामाला जावे. ऑक्टोबरपासून येणाऱ्या माणसाला तेव्हा कोठाराचे किंवा पुस्तकांचे सलग काम देता येते, एरवी ते जमत नाही. नंतर तीन दिवस मुक्काम, मग आठ-दहा दिवस प्रवास. प्रवासात प्रत्येक संग्रहालयातल्या एकाच दालनात एका कोपऱ्यात जमिनीकडे पाहा. भिंतीलगत पुठ्ठ्याचा छोटा सापळा दिसला, तर त्यावरचा क्रमांक कसा लिहिला आहे, ते वहीत टिपून ठेवा. जानेवारीच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात परत या. बऱ्याच ठिकाणी हिवाळ्याच्या तिमाहीचे सापळे त्याच सुमारास उघडतात, आणि तुम्ही ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने ठेवलेल्या सापळ्यात काय आले आहे, हे पाहायला तुम्ही तिथे असायला हव्यात.